लाकडी आवरणाचं घर: फळीचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन मजली घर बांधायचं आहे, सांगाडा लाकडाचा आणि बाहेरून आवरणही लाकडी फळ्यांचं. प्लॉटच्या एका बाजूने रहदारीचा रस्ता जातो. घर आतून शांत हवं, तीस-चाळीस वर्षं मोठी दुरुस्ती निघू नये आणि हीटर-एसीचं बिल आटोक्यात राहावं. त्यासाठी लाकूड कोणतं घ्यावं, फळी २० मिमीची की ३० मिमीची, आणि तिला रंग द्यावा की तशीच सोडावी?

लाकडी सांगाड्याची घरं डिझाइन करणं हे माझं रोजचं काम. शिवाय बांधून झालेल्या घरात आवाज कुठून येतो, भिंत ओलसर का लागते, हे शोधायलाही लोक बोलावतात. त्या अनुभवावरून आधीच सांगते, तुमचे तिन्ही प्रश्न फळीबद्दल आहेत आणि तुम्हाला हव्या असलेल्या तीन गोष्टींपैकी दोन फळीच्या हातात नाहीत. बाहेरची फळी ही भिंतीची छत्री आहे. पाऊस आणि ऊन तिने अंगावर घ्यायचं. आवाज आणि उष्णता अडवायचं काम तिच्या मागच्या थरांचं, आणि त्याहीपेक्षा खिडक्यांचं नि सांध्यांचं.

२० की ३० याचा हिशेब करून दाखवते. मऊ लाकडाची घनता घनमीटरला ४८० किलो धरली तर २० मिमी फळीचं वजन चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास येतं, ३० मिमीचं साडेचौदा. वजन दुप्पट झालं की पलीकडे जाणारा आवाज सिद्धांताप्रमाणे ६ डेसिबलने घटतो. दीडपट झालं तर साडेतीनने. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे दीडपट लाकूड घालून हाती येणार साडेतीन, आणि तेही फळ्यांचं आवरण हवाबंद असेल तर. ते हवाबंद नसतं आणि असूही नये. फळीच्या मागे हवा खेळती राहावी म्हणून आपण खाली-वर मुद्दाम फट ठेवतो आणि आवाज तिथून बिनदिक्कत आत शिरतो.

खरी अडचण इथे आहे. लाकूड टिकायचं तर बाहेरचा थर उघडा हवा, घर शांत राहायचं तर कुठला तरी थर पक्का बंद हवा. दोन्ही कामं एकाच थराला सांगितली की दोन्ही बिघडतात. म्हणून भिंतीत दोन वेगळ्या रेषा आखायच्या: पाणी अडवणारी बाहेर, हवा अडवणारी आत. हवा अडवणारी रेषा अखंड असेल तर तीच आवाजाचा मोठा भाग रोखते आणि तापवलेली किंवा थंड केलेली हवा बाहेर जाऊ देत नाही. तुमची शांतता आणि तुमचं वीजबिल इथे एकत्र येतात. मी खर्चही याच क्रमाने करायला सांगते.

काही गोष्टी मात्र जागेवर अवलंबून आहेत आणि त्या कळल्याशिवाय नक्की आकडे देता येत नाहीत. पहिली, घर वर्षातला जास्त काळ तापवायचं आहे की थंड करायचं आहे. भिंतीतल्या वाफेची दिशा त्यावर ठरते. दुसरी, रस्त्यावर काय धावतं. दुचाकींचा कर्कश आवाज आणि लोड घेऊन चढणाऱ्या ट्रकची घरघर यांचे उपाय वेगळे आहेत. तिसरी, पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो. चौथी, वाळवी. पाचवी, आगीबाबतचे तुमच्याकडचे नियम, कारण दोन मजल्यांवर आणि शेजारच्या हद्दीजवळ लाकडी आवरणाला परवानगी आहे का, हे लाकूड निवडण्याआधी बघायला हवं.

आता आवाज. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी शिफारस आहे की झोपायच्या खोलीत रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. रस्त्याकडच्या भिंतीवर बाहेरून रात्री ६५ येत असतील तर भिंत-खिडकी मिळून ३५ अडवायला हवेत. त्यामुळे दोन-तीन रात्री बाहेर मोजमाप घ्या, अगदी मोबाइलवर घेतलं तरी अंदाज येतो. आकडा हातात नसताना लोक एक तर घाबरून नको तिथे पैसे घालतात, नाही तर झाडं लावतात. झाडं जरूर लावा, पण दोन रांगांच्या कुंपणाने आवाज जवळजवळ अडत नाही. रस्ता दिसेनासा झाला की तो कमी ऐकू आल्यासारखा वाटतो, इतकंच. मातीचा उंचवटा किंवा भरीव भिंत, जिच्यामुळे खिडकी आणि गाड्या यांच्यामधली सरळ रेषा तुटते, तिचा उपयोग होतो. वरच्या मजल्याला मात्र तोही कमीच.

सगळ्यात स्वस्त उपाय नकाशावर आहे. घर स्वतःच आवाजाचा आडोसा असतं. मागच्या बाजूला पुढच्यापेक्षा दहा-पंधरा डेसिबल कमी मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. जिना, बाथरूम, स्टोअर, कपाटांची भिंत रस्त्याकडे लोटा आणि झोपायच्या खोल्या मागे घ्या. भिंतीत इतका फरक पाडायला जो खर्च येतो, तो इथे कागदावर वाचतो. प्लॅन आधीच पक्का झाला असेल तर निदान रस्त्याकडच्या खिडक्या लहान करा.

खिडक्यांचं गणित लोकांना पटत नाही, म्हणून आकड्यांत सांगते. समजा भिंत ५० डेसिबल अडवते, खिडकी ३० अडवते आणि खिडकीने दर्शनी भागाचा पाचवा हिस्सा व्यापलाय. दोघांचं मिळून ३७ होतं. आता भिंतीवर भरपूर खर्च करून ती ६० ची केली, तरी मिळून ३७ च राहतं, फरक दशांशात. उलट भिंत होती तशीच ठेवून खिडकी ४० ची घेतली तर एकूण ४५ च्या वर जातं. म्हणून रस्त्याकडच्या खिडक्यांना सरकत्या पट्ट्या नकोत. सरकतं तावदान सरकायचं म्हणजे कुठे तरी मोकळीक लागतेच. बिजागरीवर उघडणारी, बंद करताना रबर चारही बाजूंनी दाबलं जाईल अशी खिडकी घ्या. काचा दोन असतील तर त्यांची जाडी वेगवेगळी ठेवा आणि त्यातली एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली घ्या. सारख्या जाडीच्या काचा एकाच स्वराला एकदम कमजोर पडतात. तिसरी काच उष्णतेसाठी उत्तम, पण तिने आवाज आपोआप कमी होत नाही. विक्रेता हे दोन आकडे बेमालूम मिसळतो, तेव्हा दोन्ही वेगवेगळे लिहून मागा.

फटींचं तर आणखी अवघड आहे. १० चौरस मीटरच्या भिंतीत १ मिमी रुंद आणि १ मीटर लांब फट राहिली, तर ती भिंतीच्या क्षेत्रफळाचा फक्त दहा हजारावा भाग आहे. पण तेवढ्याने ती भिंत ढोबळ हिशेबाने ४० डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही, मग आत काहीही भरा. अशी फट कुठे असते? खिडकीची चौकट आणि सांगाडा यांच्यामध्ये. चौकट बसवताना सगळीकडे दहा-बारा मिमी मोकळीक ठेवतात, त्यात फोम मारतात, वरून लाकडी पट्टी ठोकतात आणि विषय संपतो. एका घरमालकाने भिंत पातळ आहे म्हणून आतून आणखी एक थर चढवायचं ठरवलं होतं आणि त्याआधी मला बोलावलं. बाहेर अंगणात स्पीकर मोठ्याने लावला आणि आत रबरी नळीचं एक टोक कानाला धरून दुसरं भिंतीवरून फिरवलं. भिंतीच्या मध्यावर काही नाही. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात नळी नेली आणि गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकू आले. पट्टी काढली तर वरच्या बाजूला फोम पोहोचलाच नव्हता. मागून मेम्ब्रेनची, म्हणजे भिंतीत ताणलेल्या पातळ पडद्याची, फडफड दिसत होती. तिथे लोकर (मेंढीची नव्हे, इन्सुलेशनची तंतूंची) ठासून, दोन्ही बाजूंनी लवचिक सीलंट आणि हवाबंद टेप लावल्यावर नवा थर लागलाच नाही. कडक फोमवर एकट्यावर विसंबू नका. लाकूड हलतं, फोम हलत नाही, आणि काही ऋतूंनी कडेने केसाएवढी चीर पडते.

विजेचे बोर्डसुद्धा बघा. बाहेरच्या भिंतीत खोलवर बसवलेला प्रत्येक डबा म्हणजे हवेच्या रेषेला पाडलेलं भोक. वायरिंग शक्यतो आतल्या भिंतींतून न्या, आणि एक्झॉस्ट फॅन, चिमणीची पाइप रस्त्याकडे काढू नका.

आता वजन. लाकडी भिंत हलकी असते, हे मान्य करून पुढे जावं लागतं. दोन्हीकडून प्लास्टर केलेली २३० मिमी वीटभिंत चौरस मीटरला ४०० किलोच्या वर जाते. चांगली लाकडी भिंत पन्नास-साठ किलोची. तरीही ती माणसांचा आवाज, हॉर्न, कुत्र्यांचं भुंकणं छान अडवते, कारण ती वजनावर न विसंबता दोन सुट्या थरांवर विसंबते: बाहेरचा थर, मध्ये लोकर भरलेली पोकळी आणि आतला थर. ती कमी पडते ती खालच्या स्वरांना, म्हणजे ट्रकच्या घरघरीला. तिथे तीन गोष्टी कामाला येतात: आतल्या थराचं वजन, पोकळीची खोली आणि दोन्ही थरांमधला सांधा जितका ढिला तितका बरा. साडेबारा मिमीचा जिप्सम बोर्ड चौरस मीटरला साधारण नऊ किलो भरतो. असे दोन थर, सांधे एकमेकांवर न येतील असे, म्हणजे अठरा किलो. ३० मिमी फळीने जे जास्तीचे पाच किलो दिले असते त्याच्याशी ताडून बघा. शिवाय हे वजन हवाबंद रेषेच्या आत आहे, म्हणून ते खरोखर उपयोगी पडतं.

हे बोर्ड सांगाड्यावर थेट न ठोकता लवचिक धातूच्या पट्टीवर अडकवले तर फायदा पुष्कळ वाढतो. पण काम चालू असताना स्वतः उभे राहा. बोर्डाचा स्क्रू पट्टीपुरताच आखूड असायला हवा. सुताराने हाताला आलेला लांब स्क्रू वापरला आणि तो मागच्या लाकडात घुसला की त्या जागी पट्टीचा लवचिकपणा संपला. असे मूठभर स्क्रू खोलीभर विखुरले तर पट्टीचे पैसे वाया. पुढे कपाटं टांगायची असतील तर त्यांची जागा आधीच ठरवून तिथे वेगळा आधार द्या.

एक सूचना, जी बऱ्याच माहितीपत्रकांत उलटी दिलेली असते. भिंतीच्या आत 'आणखी एक एअर गॅप' म्हणून दहा-वीस मिमी पोकळी सोडून वर बोर्ड मारला की खालच्या स्वरांना भिंत आधीपेक्षा वाईट होऊ शकते. अरुंद पोकळीतली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते आणि नेमकी घरघर पुढे ढकलते. जास्तीची जागा असेल तर ती एकाच खोल पोकळीत घाला आणि लोकरीने भरा. ती लोकर मऊ, तंतूंची हवी, रॉकवूल म्हणजे दगडाच्या तंतूंची किंवा लाकडाच्या तंतूंची. बंद पेशींचा कडक फोम उष्णता अडवतो, आवाज शोषत नाही.

खिडक्या बंद ठेवून शांतता मिळवायची तर ताजी हवा कुठून येणार, हेही आत्ताच ठरवा. हवाबंद घराला यांत्रिक व्हेंटिलेशन लागतंच. ते शांत बाजूने हवा घेणारं, डक्टमध्ये सायलेन्सर असलेलं आणि डक्ट ऐसपैस असलेलं हवं. डक्ट लहान केला की हवेचा वेग वाढतो आणि रस्त्याच्या आवाजाऐवजी तुम्ही पंख्याची सरसर ऐकत झोपता.

आतापर्यंतचं एका दमात: आधी नकाशा, मग रस्त्याकडच्या खिडक्या आणि त्यांच्या कडा, मग अखंड हवाबंद थर, मग आतलं वजन. बाहेरची फळी अजून कुठेच आलेली नाही.

टिकाऊपणाकडे आल्यावर मात्र फळीबद्दल बोलावंच लागेल, आणि इथेही लाकडाच्या जातीआधी बांधणी येते. नॉर्वेतलं उर्नेसचं लाकडी चर्च साधारण ११३० च्या सुमाराचं आहे आणि १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याआधीच्या चर्चमध्ये खांब थेट जमिनीत पुरलेले असत. ते खालून कुजले. पुढच्या पिढीने तेच खांब दगडी पायावरच्या आडव्या तुळयांवर उभे केले, आणि त्यातली काही चर्च आजही उभी आहेत. लाकूड तेच, हवामान तेच, बदलली ती फक्त मातीशी असलेली गाठ.

कुजणं म्हणजे बुरशी, आणि बुरशीला सतत ओल लागते. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर तिला पाय रोवता येत नाहीत. भिजलं तरी चालतं, वेळेत सुकलं पाहिजे. म्हणून फळीच्या मागे किमान २० ते २५ मिमीची सलग पोकळी, खाली उघडी आणि वर उघडी, दोन्हीकडे किड्यांसाठी जाळी. फळ्या आडव्या असतील तर मागच्या पट्ट्या उभ्या लागतात आणि पोकळी आपोआप मिळते. फळ्या उभ्या असतील तर मागच्या पट्ट्या आडव्या येतात आणि हवेची वाट अडते, पाणीही त्या पट्टीवर साचतं. तिथे आधी उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यावर आडव्या, असे दोन थर हवेत. उभ्या फळ्यांच्या कामात पैसे वाचवायला म्हणून हाच पहिला थर गाळतात आणि बाहेरून ते कळत नाही. या पोकळीतून आग झपाट्याने वर चढू शकते, त्यामुळे मजल्याच्या पातळीवर अग्निरोधक पट्टी कुठे लागते ते नियमांत बघा. एरवी हवा जाऊ देणाऱ्या आणि उष्णतेने फुगून बंद होणाऱ्या पट्ट्या मिळतात.

आता सर्वांत खालची कड, जिथे मी प्रत्येक घरात गुडघ्यावर बसून बघते. जमिनीपासून फळीची कड २०० मिमी वर हवी. छपराच्या पागोळ्या खाली फरशीवर पडून चिखलासकट उडतात आणि पहिल्या फूटभर फळीला रोज भिजवतात. तिथे फरशीऐवजी खडीचा पट्टा करा. उभ्या फळीचं खालचं टोक सपाट कापू नका. मागून पुढे उतार असा तिरका काप द्या, म्हणजे बाहेरची कड सगळ्यात खाली येते आणि थेंब तिथून सुटतो, मागे सरकत नाही. फळीच्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात आणि त्या अंगापेक्षा कितीतरी भरभर पाणी पितात. कारखान्यातून रंगवून आलेल्या फळ्या साइटवर कापल्या की ती टोकं कोरी उरतात. सुताराच्या हातात करवतीबरोबर ब्रश आणि डबा असायला हवा, टोक कापलं की तिथेच दोन हात. नंतर ठोकल्यावर ते होत नाही. खिडकीखालच्या पट्टीवर, छज्ज्यावर फळी टेकवूही नका. १० मिमी मोकळी सोडा, नाही तर टेकलेल्या जागी पाणी केशाकर्षणाने वर चढतं.

छपराची वळचण चांगली दोन फूट बाहेर काढली तर वरच्या मजल्याची भिंत बरीच कोरडी राहते. आधुनिक दिसावं म्हणून वळचण कापलेली घरं फोटोत छान दिसतात. तिथे तीच भिंत सारखी रंगवावी लागते.

लाकूड हलतं, ते हलू द्या. लांबीत फरक नगण्य, रुंदीत भरपूर. १५० मिमी रुंदीची साधी फळी कोरड्या ऋतूपासून ओल्या ऋतूपर्यंत सहज २ मिमी फुगते. म्हणून फळी पूर्ण सुकवलेली आणि तुमच्या हवेला रुळलेली घ्या, आणि एकावर एक येणाऱ्या दोन फळ्या एकाच खिळ्याने कधीही जखडू नका. प्रत्येक फळीला तिचा स्वतःचा खिळा. नाही तर दोघी विरुद्ध दिशांना ओढतात आणि मधून चिरतात. खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, समुद्राजवळ ३१६ प्रतीचे. साग, ओक, सीडर यांच्यात टॅनिन असतं आणि साध्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की खिळ्याखाली काळे ओघळ उतरतात; ते घासून जात नाहीत. सैल खिळ्यांची फळी वाऱ्यात खडखडतेही. बाहेरच्या फळीने आवाज अडत नाही म्हटलं, पण तिने आवाज करू नये एवढी अपेक्षा रास्त आहे.

तर जाडी: २० ते २२ मिमी पुरे. १८ च्या खाली जाऊ नका, फळी वाकते. रुंदी जाडीच्या सात-आठ पटींच्या आत ठेवा. ३० मिमी घ्यायची असेल तर दिसण्यासाठी घ्या, हरकत काहीच नाही.

ऊर्जेबद्दल थोडक्यात, कारण अर्धं काम हवाबंद थराने आधीच केलंय. उरतं ते इन्सुलेशन, आणि त्यात लोक विसरतात तो सांगाडा. १४० मिमी लोकर भरलेल्या भिंतीत उभी-आडवी लाकडं क्षेत्रफळाच्या १५ टक्के धरली, तर साध्या गणिताने त्यांच्यातूनच जवळजवळ एक तृतीयांश उष्णता जाते. लाकूड लोकरीच्या तिपटीहून अधिक उष्णता वाहून नेतं. उपाय म्हणजे सांगाड्याच्या बाहेरून ६० मिमी लाकडी तंतूंच्या पाट्यांचा सलग थर. त्याने भिंतीचं यू-मूल्य (भिंतीतून किती उष्णता जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) ०.३० वरून ०.२० वर येतं, आणि त्या पाट्यांचं वजन आवाजालाही मदत करतं. उन्हाळ्यात मात्र भिंतीपेक्षा काच तापते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्या, आतला पडदा फार काही करत नाही.

हवाबंदपणाची चाचणी पंखा लावून होते. पॅसिव्ह हाउस या अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या मानकात ५० पास्कल दाबाला तासाला ०.६ वेळा हवा बदलणं ही मर्यादा आहे. पहिल्यांदा बांधणाऱ्याने १ च्या आसपास आणलं तरी मी समाधानी असते. ही चाचणी जिप्सम बोर्ड लागण्यापूर्वी करा, जेव्हा मेम्ब्रेन उघडं दिसतंय आणि फट हाताने टेप लावून बंद करता येते. घर पूर्ण झाल्यावर मिळालेला आकडा फक्त वाचायला मिळतो.

वाफेचा थर कुठे? थंड हवेत आतली दमट हवा बाहेर जायला बघते, म्हणून वाफ रोखणारा थर आत आणि बाहेरचे थर वाफेला मोकळे. उष्ण-दमट हवेत एसी चालत असेल तर वाफ बाहेरून आत येते. तिथे आत प्लॅस्टिक लावलं की ओल नेमकी जिप्समच्या मागे अडकून बुरशी धरते. दोन्ही ऋतू तीव्र असतील तर आर्द्रतेप्रमाणे वाफेला कमी-जास्त वाट देणारं मेम्ब्रेन मिळतं, ते घ्या. दुसऱ्या हवामानातल्या घराचा भिंतीचा छेद जसाच्या तसा उचलू नका.

राहिलं लाकूड आणि रंग. युरोपातल्या ईएन ३५० मानकात लाकडाचा कुजण्याला होणारा विरोध १ ते ५ असा मांडतात. साग १, उत्तर अमेरिकेतला रेड सीडर २, लार्च ३ ते ४, स्प्रूस ४. पण ही वर्गवारी फक्त गाभ्याच्या लाकडाची. सालीलगतचं फिकट कच्चं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, टिकत नाही. सागाच्या फळीला एका कडेने तशी पांढुरकी पट्टी असेल तर ती परत करा. उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड कमी हलतं, पण ठिसूळ होतं, भोक पाडून मगच स्क्रू घाला. वाळवीचा भाग असेल तर पायाच्या वर धातूची पत्री आणि तपासता येईल अशी उघडी जोत्याची पट्टी लागेल. नुसत्या लाकडाच्या जातीवर विसंबू नका.

रंग दिला नाही तर उन्हाने लाकडाचे तंतू जोडून ठेवणारं लिग्निन पृष्ठभागावर तुटतं आणि फळी करडी होते. त्याने ती कमकुवत होत नाही. उघड्यावरचं मऊ लाकूड शंभर वर्षांत साधारण ६ मिमी झिजतं. अडचण एकच, करडेपणा सारखा येत नाही. वळचणीखाली महिनोन्महिने तपकिरी आणि खाली राखाडी, अशी भिंत दिसते. ते डोळ्यांना चालत असेल तर तशीच सोडा, सगळ्यात कमी कटकट. नसेल चालत तर करवतीच्या खरबरीत पृष्ठभागावर आत मुरणारं तेल किंवा स्टेन, फळी ठोकण्याआधी चारही अंगांना, आणि दर दोन-चार वर्षांनी पुन्हा. चकचकीत व्हार्निश नको. त्याचा पापुद्रा तडकतो, पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. गडद रंगही टाळा. उन्हातली काळी फळी फार तापते, वाकते आणि भेगाळते.

कुठलंही निवडलंत तरी त्याच खेपेतल्या पंधरा-वीस फळ्या जास्तीच्या घ्या आणि गोदामात न ठेवता घरामागे उन्हापावसात, जमिनीपासून उचलून टांगा. कधी एखादी फळी बदलायची वेळ आली तर तिचा रंग भिंतीशी जुळलेला असेल.